महासीरने नाकारलेलं गेट

मासे बंधाऱ्याच्या भिंतीवर आपटत होते. उडी, थप्प आवाज, परत पाण्यात. थोडं थांबून पुन्हा उडी.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात अधिकारी. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या बंधाऱ्यावर मला सुगंधाबाईंनी बोलावलं होतं. त्यांचं सगळं आयुष्य याच नदीवर मासेमारीत गेलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मासे येड्यावानी करून राह्यले. येऊन पाहा."

मासा ओळखला. महासीर. जाड ओठ, मोठे खवले, आता फार थोडे उरलेले. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. बाळंतपणाला माहेरी जावं तसं.

एरवी पावसाळ्यात बंधाऱ्याची गेट काढलेली असतात. यंदा पावसाने ओढ दिली, म्हणून ती आधीच बसवली होती.

मी साहेबांना फोन लावला.

"सर, एक गेट काढावं लागेल."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"असं प्रपोजल असतं का, मॅडम? आधी गावाला विचारा. गाव हो म्हणालं तर इरिगेशनशी मी बोलतो."

पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष गवईदादा बंधाऱ्यावर आले. "संत्र्याले पानी पुरत नाही, अन् मासोळीसाठी सोडून देऊ काय?" त्यांचं चूक नव्हतं. तेवढ्यात एक मोठी मादी भिंतीवर आदळली. ते वाकून बघू लागले.

"काऊन उडते हो थे?"

"अंडी घालायला वर जायचंय."

"अन् नाही जाता आलं तं?"

"अंडी पोटातच जिरतात."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "उद्या या टायमापर्यंत. त्याच्यापुढं नाही."

साहेबांनी परवानगी मिळवली. आम्ही मधलं गेट काढलं, ते काढायला सगळ्यात सोपं होतं. पाणी धो धो सुटलं. एक तास गेला, दोन गेले. मासे वर जाईनात, उलट लांब सरकले. गावाचं पाणी वाया चाललं होतं, तेही माझ्या शब्दावर.

सुगंधाबाई म्हणाल्या, "एवढ्या जोराच्या धारेत कोन घुसन? काठाचं काढा. तिथं खडक हाय, पानी सरकत येते."

मधलं गेट बसवलं, काठाचं अर्धं उचललं. खडकाच्या उतारावरून पाणी पसरून वाहू लागलं. पहिला मासा चढला, घसरला. दुसऱ्यांदा एका खळग्यात थांबला, दम घेतला आणि वर गेला.

"गेला बे!" गवईदादा ओरडले. मग दुसरा, तिसरा. बारापर्यंत ते मोठ्याने मोजत होते. दुसऱ्या दिवशी वेळ संपली तेव्हा स्वतःच म्हणाले, "राहू द्या अजून एक दिवस."

आठवड्याने मी आणि सुगंधाबाई नदीने वर चालत गेलो. उथळ पाण्यात एक गोटा हळूच उचलला. खाली फिकट पिवळी अंडी होती, ज्वारीच्या दाण्याहून थोडी लहान. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण महासीरची अंडी नदीत मी पहिल्यांदाच बघत होते.

"झाका, झाका," सुगंधाबाई म्हणाल्या. "ऊन लागन."

असं एकेक दिवस करत त्या हंगामात काठाचं गेट अर्धं उघडंच राहिलं. अहवालात मी सुगंधाबाईंचं नाव तांत्रिक सल्लागार म्हणून घातलं. शिक्षणाचा रकाना कोरा सोडला. कोणी विचारलं नाही.

माशाला वाट करून द्यायची तर आधी तो कसा पोहतो ते पाहावं. मी मात्र कुठलं गेट काढायला सोपं, ते पाहिलं होतं.