दसऱ्याला बॅटरीची पूजा

बाबांना हौस फार, अक्कल बेताची. ऑफिसात कुणी विचारत नव्हतं, म्हणून घरात ते सगळ्याच विषयांतले तज्ज्ञ. आम्ही गिरगावातून नवघरला राहायला आलो आणि काही वर्षांनी, नव्वद सालाच्या पुढे, त्यांनी भंगारात निघालेली एक ॲम्ब्युलन्स विकत घेतली. आत झोपायला बाकं, स्टोव्ह, पंखा, दिवा असं फिरतं घर करायचं आणि कोकणात हिंडायचं, असा बेत होता. आई म्हणाली, "अहो, माणसं मेली असतील त्यात."

"मग तुझी सोय आधीच झालीय," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

आई घरी ब्लाऊज शिवायची. तिची नजर इतकी तेज की बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या बायका सुईत दोरा ओवून घ्यायला आमच्याकडे यायच्या. आमच्या घरात भरवसा ठेवावा असं काही असेल, तर ते तिचे डोळे होते.

सायरनच्या आणि टपावरच्या दिव्याच्या जुन्या वायरी बाबांनी पक्कडीने कापल्या आणि उघडी टोकं तशीच छताच्या पत्र्यामागे कोंबली. कुठली वायर कुठे जाते, त्यांना पत्ता नव्हता. टोकांना टेप तरी लावा, असं आईने सुचवलं. "तू तुझे धागे काप," बाबा म्हणाले. दुपारी ते घोरायला लागल्यावर तिने एकेक टोक बाहेर ओढलं, टेप गुंडाळली आणि सगळ्यांची जुडी शिलाईच्या दोऱ्याने घट्ट बांधली. त्या वायरींनी पुढे कधीच कुणाला त्रास दिला नाही.

बॅटरीला हात लावायची मात्र तिला बंदी होती. पंख्यासाठी आणलेली ही दुसरी, मोठी बॅटरी बाबांनी बाकाखाली लाकडी खोक्यात बंद केली. गॅस बाहेर जायला भोकं ठेवा, असं दुकानदाराने बजावलं होतं. "तिला काय श्वास घ्यायचाय?" असं म्हणून बाबांनी तेही उडवून लावलं.

दसऱ्याला गाडीची पूजा. बॅटरी सकाळपासून चार्जिंगला लावलेली. बाबांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवरच्या रबरी टोप्याही काढल्या. "झाकलेल्याला कुंकू लावतात का?" आई निरांजनाचं ताट घेऊन आत वाकली.

"अहो, चार्जिंग तरी बंद करा."

"सणासुदीला किरकिर नको. ताट ठेव तिथे वर, आणि कुंकू लाव."

ते स्टीलचं ताट दोन्ही टोकांवर एकदमच टेकलं. ठिणगी उडाली, कोंडलेल्या गॅसचा भडका झाला, बॅटरी फुटली, ॲसिड तोंडावर उडालं आणि आई किंचाळली.

पाणी तेव्हा टँकरचं. गाडी धुवायला म्हणून दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. पहिली बाबांनी उचलली आणि बाकाच्या नव्या रेक्झिनवर ओतली, कारण ॲसिडने ते जळत होतं. "भाईसाब, पहले भाभी के मुँह पे डालो!" तळमजल्यावरची शेजारीण ओरडली. दुसरी बादली मी आईच्या तोंडावर ओतली. उजवा डोळा वाचला, डावा कायमचा गेला.

त्यानंतर येईल त्याला बाबा सांगायचे, "ताट हिनेच ठेवलं. बायकांना विजेतलं काय कळतंय?" त्या माणसाचा मला आजही तिटकारा आहे. ते गेले तेव्हा बायकांनी मला रडायला पुढे जागा करून दिली, आणि मी तिथे कोरडी ठाक बसून राहिले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गाडी निघालीच. पहिली फेरी मुर्धा गावाच्या पलीकडे, समुद्राकाठी. बाबांनी आईला पुढे आपल्या शेजारी, खिडकीशी बसवलं. मी मागे त्या रेक्झिनवर बसले होते. परतताना समुद्र तिच्या डाव्या हाताला आला.

"बघ, बघ ना कसा चमकतोय! तुझ्यासाठीच घेतली ही गाडी."

मी मागून तिचा चेहरा खिडकीकडे वळवायला गेले. तिने माझा हात बाजूला केला. समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाली, "छान आहे हो."

"मग? म्हटलं नव्हतं तुला?" बाबा म्हणाले, आणि खुशीत त्यांनी हॉर्न वाजवला.