लाखेची मोहर आणि झिप ड्राइव्ह

"हिरवा लाइट तं लागून राह्यला नं बाई? मग कॉम्प्युटरले दिसून काऊन नाही राह्यला?"

मी बोथला पोचल्यापासून गंगाधररावांचं हेच चालू होतं. प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग येत होता. लाइट लागला होता. केबल बसवलेली होती. आणि स्क्रीनवर पुन्हा पुन्हा तेच येत होतं: ड्राइव्ह सापडला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आंध्रातल्या आदिलाबादच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये हार्डवेअर इंजिनिअर होते. कॉल आला की खांद्याला बॅग लावायची, आरटीसीची सरकारी बस पकडायची आणि गावात उतरल्यावर "इंजिनिअर मागच्या बसनं येत आहेत का?" या प्रश्नाला "नाही, आलेत" असं उत्तर द्यायचं, हा माझा दिनक्रम.

गंगाधररावांचा बोथला, म्हणजे त्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. खिळे जुळवायचे दिवस गेले तसा त्यांनी एक ४८६ मॉडेलचा कॉम्प्युटर घेतला होता. मी म्हणते तेव्हाही तो म्हातारा झाला होता, पण चालत होता. त्यावर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि शेजारी एक लेझर प्रिंटर. तालुक्यात मराठी छापायचं तर लोक इथेच यायचे.

त्या दिवशी खरं काम अडलं होतं ते वाघमारे मॅडमचं. त्या बाजारहत्नूरकडच्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षिका होत्या. सकाळपासून छापखान्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. मी विचारलं, "एवढं काय आहे हो त्या डिस्कमध्ये?"

"चित्रं हायेत ताई," त्या म्हणाल्या. "पहिलीच्या पोरांसाठी वाचनाचं पुस्तक केलं मी. आमच्याकडे जे पुस्तक येते नं, त्यात ज जहाजाचा. आता आमच्या पोरांनं जहाज कुठी पाह्यलं? प्रत्येक पानावर तेच, मॅडम, हे काय अस्ते? अर्धा तास त्यातच जाते. अक्षर राहून जाते बाजूले."

म्हणून त्यांनी पोरांच्या ओळखीच्या वस्तूंचं पुस्तक केलं होतं. ब बोंडाचा, क कणसाचा. मजकूर गंगाधररावांनी आधीच टाइप करून ठेवला होता. चित्रं नागपूरच्या एका ओळखीच्या चित्रकाराने काढून, स्कॅन करून पाठवली होती. पण स्कॅन केलेली चित्रं जड असतात. फ्लॉपीत दीड एमबीसुद्धा धड मावत नाही. म्हणून चित्रकारांनी ती झिप डिस्कवर घालून दिली. झिप डिस्क म्हणजे फ्लॉपीची जाडजूड थोरली बहीण, शंभर एमबीची. ती चालवायला वेगळा ड्राइव्ह लागतो, तोही त्यांनी विश्वासाने सोबत दिला होता.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादला शिक्षणाधिकाऱ्यांसमोर बैठक होती. तिथे पुस्तक छापील रूपात दाखवलं, साहेबांना पटलं, तर ते येत्या जूनपासून वर्गात वापरता आलं असतं. नाहीतर पुन्हा वर्षभर जहाज.

"साहेबांना नुसता मजकूर दाखवला तर?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी तेच दाखवलं," मॅडम म्हणाल्या. "साहेब म्हणाले, बाई, चित्रांशिवाय पहिलीचं पुस्तक अस्ते काय?"

साहेबांचंही चूक नव्हतं.

मी कामाला लागले. आता यूएसबी असतं, पेन ड्राइव्ह खुपसला की झालं. त्या मशीनला तसलं काही नव्हतं. झिप ड्राइव्ह पॅरलल पोर्टला लागायचा, म्हणजे मागच्या बाजूला प्रिंटरची केबल जिथे लागते, त्याच जागी. प्रिंटर काढायचा, ड्राइव्ह लावायचा, सोबतच्या फ्लॉपीवरून त्याचा प्रोग्राम चालवायचा. कॉम्प्युटर ड्राइव्हला एक अक्षर देतो, ई किंवा एफ, आणि डिस्क उघडते. आमच्याकडे मात्र उघडत नव्हती.

आधी ड्राइव्हवर संशय घेतला. एसटीडी बूथवरून नागपूरला फोन केला. चित्रकार म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत माझ्याकडे मस्त चालला." मग केबल बदलली. माझ्या बॅगेत दुसरी होती. काही फरक नाही. मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पॅरलल पोर्टची बोलायची पद्धत बदलली, कारण काही जुन्या मशीनना नवी पद्धत झेपत नाही. नाही म्हणजे नाही. शेवटी प्रिंटर परत लावला आणि एक पान काढलं. पान सुंदर आलं.

"पाहा," गंगाधरराव म्हणाले, "पोर्ट चांगला हाय. तुमचा तो डबाच खराब हाय."

इथेच तर भलेभले फसतात. प्रिंटर हा ऐकणारा प्राणी. कॉम्प्युटर सांगतो, तो छापतो. फार तर कागद संपला एवढं कळवतो. ड्राइव्हला मात्र उत्तर द्यावं लागतं. डिस्कवर काय आहे ते वाचून त्याच तारांवरून परत पाठवावं लागतं. म्हणजे जाण्याचा रस्ता चांगला असेल आणि येण्याचा अडलेला असेल, तर प्रिंटर खुशाल चालेल आणि ड्राइव्ह मुका बसेल. अडलं होतं ते येण्याच्या रस्त्यावर.

"काका, मागे पोर्टला आणखी काही लावलंय का?"

"कायबी नाही," गंगाधरराव म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

टेबल भिंतीला चिकटून होतं. ते हलवायचं नाही, असा त्यांचा आल्या आल्या हुकूम झाला होता. म्हणून इतका वेळ मी मागे हात घालून चाचपडत, अंदाजाने केबल लावत होते. आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, एक तर टेबल पुढे ओढा, नाहीतर मी बस पकडते."

मॅडमनी बाकावरून नुसतं पाहिलं. काका उठले. आम्ही दोघांनी टेबल ओढलं. मी टॉर्च मारला आणि बघतच राहिले.

पोर्टच्या जागी लाल लाखेचं ढेकूळ होतं. कॉम्प्युटरच्या पत्र्यापर्यंत ओघळलेलं, आणि त्यावर ठसठशीत गोल शिक्का उठवलेला. केबल त्या ढेकळातून डोकावणाऱ्या तोंडाला लागत होती.

"हे काय आहे?"

"मोहर," काका म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. त्या काळी मराठीचं महागडं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत एक कुलूप मिळायचं. काडेपेटीएवढी डबी. ती पॅरलल पोर्टला लावायची आणि प्रिंटरची केबल तिच्या पाठीवर. डबी असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं. हरवली की कंपनी दुसरी देत नाही, सॉफ्टवेअरच नव्याने घ्या म्हणते. शेजारच्या जिल्ह्यात एका छापखान्यातून कुणीतरी ही डबी खिशात घालून नेली आणि त्या माणसाचा धंदा बसला, असं गंगाधररावांनी ऐकलं. त्यांचे वडील निजामाच्या अमलात तहसीलात पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे कारकून होते. मौल्यवान वस्तूचा बंदोबस्त कसा करायचा, हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक. काकांनी वडिलांचा पितळी शिक्का काढला, लाख वितळवली आणि डबी पोर्टला मोहरबंद करून टाकली. वर कुणाला पत्ता लागू नये म्हणून टेबल भिंतीला लावलं.

मी हसले नाही, खरंच. हसू आलं होतं, पण त्या माणसाचं पोट त्या डबीवर होतं.

"काका, उत्तर हीच डबी अडवतेय. ड्राइव्हला आणि हिला एका तारेवर बोलता येत नाही. ही काढावी लागेल."

"जमणार नाही."

"का?"

"तुटली तं? माहा छापखाना गेला. अन् या बाईचा मजकूर बी उघडणार नाही. मग पुस्तक कशावर छापता? तुमच्या डबड्यावर?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. डबीला काही झालं असतं तर चित्रं असून मजकूर गेला असता. मी मॅडमकडे पाहिलं. पुस्तक त्यांचं होतं.

मॅडम उठून जवळ आल्या. "काका, तुमच्या वडिलांच्या कचेरीत मोहर कधी तोडतच नव्हते काय?"

"तोडत होते नं. काऊन नाही तोडणार?"

"कशी?"

"पंचांसमोर," काका म्हणाले, आणि आपणच अडकलो हे त्यांच्या लक्षात आलं.

मग काय, पंच बोलावले. शेजारचे तेलुगू बोलणारे राजन्ना टेलर आणि समोरचा कोल्ड्रिंकवाला. काकांनी पंचनामा सांगितला, मॅडमनी लिहिला. "मोहर शाबूत असल्याची पंचांनी खात्री केली." राजन्नांना मराठी समजायचं, वाचता यायचं नाही. ते टॉर्चच्या उजेडात वाकून शिक्का बघून म्हणाले, "सरे सरे, शाबूत आहे," आणि सही ठोकली. मी आजवर शेकडो कॉम्प्युटर उघडले असतील. पंचनामा करून उघडलेला हा एकच.

आता तोडायची कशी? काका मेणबत्ती घेऊन आले. मी ती विझवायला लावली. लाख गरम केली की चिवट होते आणि आत, पिनांमध्ये उतरते. गार केली की ठिसूळ होते. हे मला डिप्लोमाने शिकवलेलं नाही. माझ्या आईच्या लाखेच्या बांगड्या ऐन थंडीत जराशा आपटल्या तरी तुटायच्या. पंचांपैकी कोल्ड्रिंकवाल्याला बर्फ आणायला पिटाळलं. मशीनची वायर काढली, बर्फ प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून ढेकळाला लावून धरला. हात बधिर झाला की मॅडम धरायच्या. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं. शिक्क्याच्या मधोमध तडा गेला आणि लाख टवके टवके होऊन पडू लागली. काका टवके रुमालात गोळा करत होते.

डबी सुटली. सगळं पुसून कोरडं केलं, ड्राइव्ह सरळ पोर्टला लावला, मशीन चालू केलं. प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर ई आलं. उघडलं तर चित्रांची रांग.

मॅडमनी पदर तोंडाला लावला. मी "कॉपी होऊ द्या आधी" म्हणून टाकलं.

चित्रं हार्ड डिस्कवर उतरवली. ड्राइव्ह काढला, डबी परत लावली, सॉफ्टवेअर सुरू केलं. स्क्रीनवर आलं: कुलूप सापडत नाही.

काका भिंतीला टेकून खाली बसले. मी डबी काढून उजेडात धरली. कडेच्या एका पिनेवर लाखेची पुसटशी साय होती. इतके दिवस ती पिन घट्ट दाबलेली होती म्हणून चालत होतं, आता सैल झाल्यावर लाख मधे आली होती. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक पिन पुसली. कापूस तर बोथला कुणाकडेही मिळतो. डबी लावली, स्क्रू आवळले.

सॉफ्टवेअर उघडलं.

"उघडलं काय?" काकांनी जमिनीवरूनच विचारलं.

"उठा," मी म्हटलं, "पानं लावायची आहेत."

दिवेलागणीपर्यंत प्रिंटरमधून पहिलं पान आलं. वर बोंडाचं चित्र, फुटलेलं, पांढरंशुभ्र, खाली मोठा ब. राजन्ना पंच म्हणून थांबले होते. तेलुगूत वाचणारा माणूस, पण चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "पत्ती!" म्हणजे कापूस. मॅडम हसल्या, "आता समजलं नं साहेब मंजूर काऊन करतील ते?"

साहेबांनी मंजूर केलं, पण साहेबांच्या पद्धतीने. आधी मॅडमच्या आणि आजूबाजूच्या शाळांत वर्षभर वापरून बघा, मग पुढचं पाहू. मॅडमना तेवढं पुरे होतं.

पावसाळ्यात त्या भागात दुसऱ्या एका कॉलला गेले, तेव्हा मुद्दाम त्यांच्या वर्गात डोकावले. पोरं पुस्तक उघडून बसली होती. "मॅडम, हे काय अस्ते?" असं एकानेही विचारलं नाही. उलट एक मुलगी बोंडाच्या चित्रावर हात ठेवून मॅडमनाच सांगत होती, "असं नस्ते मॅडम, याले खाली हिरवं पान पाह्यजे." तिच्यामागे दुसरा बोलला, मग तिसरा. मॅडम खडू हातात धरून ऐकत होत्या. मी दारातच उभी राहिले. आत जाऊन तो गोंगाट मोडावासा वाटला नाही.

गंगाधररावांनी डबी पुन्हा मोहरबंद केली. या वेळी डबीवर लाख नाही, सुतळी बांधून नुसत्या गाठीवर लाख आणि शिक्का, म्हणजे सुतळी कापून सोडता येईल. आणि मी माझ्यापुरता एक नियम केला, तो आजही पाळते. गिऱ्हाईक "मागे कायबी नाही" म्हणालं, की आधी टेबल पुढे ओढायला लावते.