नेहरू नगरमधलं न तपासलेलं घर

भोपाळला मी तलाव बघायला गेलो नव्हतो. एका माणसाला माझ्याबरोबर घेऊन जायला गेलो होतो.

दिल्लीहून सुटलेली गाडी भोपाळजवळ आली तेव्हा खिडकीतून आधी सपाट शेतं दिसत होती. मग टेकड्या सुरू झाल्या आणि त्यांच्या उतारावर एकावर एक चढलेली घरं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी डबा बंद करत विचारलं, "भोपाल में कौन है आपका?" मी म्हणालो, "मेरे सर।" त्यांना वाटलं, मी सासऱ्यांबद्दल बोलतोय. "ससुराल जा रहे हैं, फिर तो खातिर होगी," असं म्हणून त्या हसल्या. मीही त्यांचा गैरसमज दूर करत बसलो नाही.

सर कोण, ते सांगायला हवं. मी कुष्ठरोगाचं काम करतो. पॅसिफिक महासागरातल्या एका छोट्या बेटांच्या देशात तिथल्या सरकारचा कुष्ठरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सध्या माझ्याकडे आहे. माझं शिक्षण दिग्रसच्या शाळेत झालं, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अशा माणसाला हे काम मिळालं ते डॉक्टर खानझोडे सरांमुळे. पहिल्या नोकरीत ते माझे वरिष्ठ होते. पुढे त्यांनी आशिया आणि आफ्रिकेतल्या काही देशांचे असेच कार्यक्रम चालवले, आणि जाताना माझा हात सोडला नाही. इंग्रजी अहवाल कसा लिहावा, मंत्र्यासमोर कसं बसावं, परक्या देशातल्या रुग्णाचा हात हातात घेण्याआधी त्याला कसं विचारावं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो.

आता आमच्या बेटांवर रुग्ण कमी सापडतात, म्हणून मंत्रालयाला कार्यक्रम गुंडाळायचा आहे. माझं मत वेगळं आहे. आजार कमी झाला त्याहून जास्त आमचं शोधणं कमी झालंय. पण मी हे म्हटलं की स्वतःची खुर्ची सांभाळतोय असं दिसतं. सरांनी म्हटलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं. त्यांनी काही महिने यावं, एक मोठी तपासणी स्वतः उभी करावी, आणि मंत्र्यांसमोर बसून "अजून नाही" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. फोनवर विचारलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता. म्हणून सुट्टीत घरी जाताना वाट वाकडी केली.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नेहरू नगर सांगितलं. "कोटरा की तरफ वाला ना?" त्याने विचारलं. मला काही माहीत नव्हतं, तरी मी मान हलवली. त्याने मला सरळ कोटरा सुल्तानाबादमध्ये आणून सोडलं आणि तो निघूनही गेला. दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत, पण चाकांची बॅग ओढणाऱ्याला ते अंतर चांगलंच जाणवतं. वाटेत एका टपरीवर पोहे-जिलबी घेतली. इथल्या पोह्यांवर शेव आणि जीरावन (जिऱ्याचा आंबटतिखट मसाला) भुरभुरतात. आपल्याकडच्या पोह्यांपेक्षा ते गोडसर लागतात, पण गरम जिलबीबरोबर छान जमतात.

टपरीवाल्याला सरांचं नाव सांगितलं. त्याला काही कळेना. "मराठी डॉक्टर साब," मी म्हणालो.

"अच्छा, वो! जो भिंडी एक-एक करके छाँटते हैं?" (भेंडी एकेक निवडून घेणारे.)

"अरे वही," बाकावरचा एक गृहस्थ म्हणाला, "जिनको देखकर सब्ज़ीवाला ठेला मोड़ लेता है।"

ज्यांच्यासाठी मी देशोदेशीचे अधिकारी उठून उभे राहताना पाहिले, त्यांची गल्लीतली ओळख भेंडीवरून होती. मला हसू आलं. सर कधीपासून भाजी आणायला लागले, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नाही.

दार सरांनीच उघडलं. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, हाताला कणीक. "आलास? चपला आत काढ, बाहेर कुत्रं पळवतं," एवढंच म्हणाले आणि घाईने आत गेले, कारण तव्यावर पोळी होती.

सरांचे वडील मूळचे नागपूरचे. नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर ती मंडळी भोपाळला आली आणि इथलीच झाली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याही नागपूरच्या. त्यांचं मराठी ऐकायला मोठं गोड, मध्येच हिंदीचा खडा येतो. त्या बैठकीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी नमस्कार करून मिठाईचा डबा पुढे केला. त्यांनी तो डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताचा नुसता आधार दिला. तेवढ्यात मला दिसलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, अंगठ्याच्या मागचा मांसल भाग बसलेला. माझ्या कामात असा हात ओळखायला पुस्तक लागत नाही.

मी नजर दुसरीकडे वळवली. काकूंनी ते पाहिलं.

"बघ की. लाजतोस कशाला? तुमच्याच धंद्यातलं आहे."

"काकू, कधीपासून..."

"आधी जेव. हे पोळ्या करतायत, त्या गार झाल्या की दातांना परेशानी होते."

जेवायला सरांनी वाढलं. भेंडीची भाजी, वरण, भात, आणि आकार नसलेल्या पोळ्या. काकू एक पोळी उचलून मला दाखवत म्हणाल्या, "ज्या ज्या देशात राहिले, त्याचा नकाशा लाटतात. हा बघ, आफ्रिका." सर हसले नाहीत. वरणाची वाटी त्यांनी आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून पाहिली आणि मग काकूंसमोर ठेवली. अशा बधिर हाताला चटका कळत नाही.

"अहो, वाफ दिसतेय मला. डोळे शाबूत आहेत माझे."

"डोळ्यांचं कोण म्हणतंय," सर म्हणाले.

मग काकूंनीच सांगितलं. सर तेव्हा आफ्रिकेत होते. घरी त्या आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. काकूंच्या उजव्या दंडावर एक फिकट चट्टा उठला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. त्याच सुमारास गल्लीत घरोघर तपासणीची मोहीम आली. आशाताई, म्हणजे वस्तीतली आरोग्यसेविका, आणि तिच्याबरोबरचा कार्यकर्ता प्रत्येक घरात माणसांची त्वचा बघत होते.

"आपल्या गेटशी आले. पाटी वाचली. ती आशा म्हणते कशी, 'दीदी, सर के घर में हम क्या देखेंगे? सर तो बाहर के देशों को सिखाते हैं.' मी म्हटलं, बसा. चहा केला. त्यांनी ह्यांचा फोटो बघितला, हात जोडले आणि भिंतीवर खडूने खूण करून गेले. घर झालं."

"तुम्ही चट्टा दाखवला नाही?"

"त्यांच्यापुढे बाही वर करू? डॉक्टर खानझोड्यांची बायको? मला कसंसंच वाटलं. म्हटलं, हे आले की ह्यांनाच दाखवीन. पुढच्या वर्षीही तसंच झालं. चहा, लाडू आणि खडू. बोटं पुरती वळली तेव्हा कुठे ह्यांनी पाहिलं, मग औषधाचा कोर्स झाला."

सर ताकाचं भांडं घेऊन आत गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

ते परत आल्यावर मी माझं काम काढलं. बेटं, मंत्रालय, तपासणी, सगळं सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत मला जुनी चमक दिसली असं वाटलं. एका बेटावर बोट किती वेळात पोचते, हेही त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "नाही."

"जा की हो!" काकू एकदम म्हणाल्या. "घेऊन जा रे यांना. दिवसभर मला टोकतात." (टोकतात म्हणजे मध्येच अडवून सुनावतात.) "हे धरू नको, ते उचलू नको. मोलकरणीचं चहाचं भांडंही हातात घेऊन बघतात, किती गरम आहे ते. ती बिचारी काम सोडून जाईल."

"विषय संपला," सर म्हणाले.

"संपला ना? बरं. मग तू माझा हात ने तिकडे. त्या मंत्र्याला सांग, देशादेशांचा आजार शोधणाऱ्याच्या घरात काय झालं ते."

सर उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आपण जरा जास्तच बोललो, असं काकूंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी सर मला बड्या तलावावर घेऊन गेले. नाव तलाव, पण समोरचा काठ धूसर दिसावा एवढं पाणी. काठावर कुटुंबं भुट्टे (मक्याची कणसं) खात होती, मुलं बोटीसाठी हट्ट करत होती. आम्ही नमकवाली चाय घेतली. इथे चहात चिमूटभर मीठ घालतात. पहिला घोट विचित्र लागतो, दुसऱ्याला सवय होते. पाण्यावर ऊन तांबूस झालं होतं आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, यांना कसं वळवावं.

"सर, औषधाचा कोर्स पूर्ण झालाय. आजार बरा झालाय. आता तुम्ही इथे थांबलात म्हणून बोटं सरळ होणार नाहीत."

बोलून गेल्यावर ते शब्द किती कठोर आहेत, ते मला ऐकू आलं.

"माहीत आहे," सर शांतपणे म्हणाले. "आयुष्यभर लोकांना हेच समजावत आलो." मग कप कठड्यावर ठेवून म्हणाले, "मोहिमेतल्या माणसांना मी दोष देत नाही. पाटी बघून मीही कदाचित तसाच परत फिरलो असतो. तुला एक सांगतो. मी सुट्टीवर आलो होतो. जेवायला बसलो. तिने मला डाव्या हाताने वाढलं."

मीही माझा कप खाली ठेवला.

"आपल्याकडे डाव्या हाताने कोण वाढतं? माझ्या आईने तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी म्हणालो, 'आई गेली म्हणून रीत सोडलीस का?' ती ओशाळली. तिने वाढायचा डाव उजव्या हातात घेतला. वरण सांडलं. मी पुन्हा बोललो." ते पाण्याकडे बघत होते. "तेव्हा बोटं नुकती वळायला लागली असणार. नस वाचवता आली असती. परक्या बाईने असं वाढलं असतं तर मी तिथल्या तिथे तिचा हात बघितला असता. घरच्या बाईत मला फक्त सुटलेलं वळण दिसलं."

"सर, म्हणूनच तुम्ही यायला हवं. हे तुमच्याइतकं कोण सांगेल?"

"तेव्हा मी नव्हतो. आता आहे. याच्यापुढे माझ्याजवळ दुसरं कारण नाही, सुनील. तू मागू नकोस."

मग मी मागितलं नाही. परत येताना त्यांनी नेहमीच्या गाड्यावर भेंडी निवडायला सुरुवात केली, आणि भाजीवाल्याने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सर बैठकीत बसले होते. समोर पाण्याचं घमेलं, त्यात काकूंचा हात भिजत होता. मग त्यांनी तो टिपला, तेल लावलं आणि मांडीवर ठेवून एकेक बोट हळूहळू सरळ करू लागले. बोटं आणखी आखडू नयेत म्हणून हे रोज करावं लागतं.

"हळू. पापड नाही लाटत आहात," काकू म्हणाल्या. मग मला, "डबा घे. लाडू तिनेच केलेत, मोलकरणीने. यांचे नाहीत, घाबरू नको."

मी पाया पडलो. सरांनी मान वर केली नाही. बोट सरळ धरून म्हणाले, "सांग तिथे. आमची नावं सांगू नकोस. बाकी सगळं सांग."

नागपूरपर्यंतच्या प्रवासात मी खिडकीबाहेर बघत होतो, पण विंध्याचे डोंगर कसे होते विचाराल तर सांगता येणार नाही. पुढे दिग्रसला आई, सुट्टीचे दिवस, आणि मग लांबचं विमान.

मंत्रालयाच्या बैठकीत मी भोपाळच्या त्या घराची गोष्ट नावं न घेता सांगितली. मग एक वयस्क अधिकारी म्हणाले की त्यांच्याकडेही गावप्रमुखाच्या आणि पाद्रींच्या घरात कुणी तपासायला शिरत नाही, तो अपमान समजतात. कार्यक्रम बंद करण्याआधी एक तपासणी मंजूर झाली. ती मान्यवरांच्या घरांपासून सुरू करायची, असं ठरलं. पहिल्याच टप्प्यात माझंही भाड्याचं घर होतं. नर्स दारात घुटमळली, तेव्हा मी आणि माझ्या बायकोने आपणहून बाह्या वर केल्या.

हे यश आहे असं मला सांगितलं जातं. मला तसं वाटत नाही. सर आले असते तर एक नाही, अनेक तपासण्या मंजूर झाल्या असत्या, आणि पुढच्या पिढीतले डॉक्टर त्यांच्याकडून रुग्णाचा हात हातात घ्यायला शिकले असते. त्यांचा नकार बरोबर होता आणि त्याने नुकसानही झालं. या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरून आहे.

दूरच्या एका बेटावर गावप्रमुखाच्या घरात एक बाई सापडली. उशीर झाला होता. बोटं आत वळली होती. मी त्याच दिवशी सरांना फोन केला. मला वाटलं होतं ते औषधाचं विचारतील, नसांचं विचारतील.

"तिचा नवरा घरी असतो का?" त्यांनी विचारलं.

"असतो सर. तोच तिला बोटीने घेऊन आला."

"मग बरं आहे," सर म्हणाले.