स्टेअरिंगवरची अर्धी रेघ

भूत ही वस्तू मी स्टेजवर विकतो, त्यामुळं माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. गॅदरिंग, हळदी, गणपती मंडळ... जिथं बोलावतील तिथं मिमिक्री करतो. हडळीचं हसणं पाहिजे तर हडळीचं, कंडक्टरचं खेकसणं पाहिजे तर तेही. आवाज कुठून निघतो ते मला माहीत हाय — घशातून. घसा नसला की आवाज नाही, एवढं साधं गणित. तरी खाली जे लिहून राहिलो ते घडलंय, आणि त्यातलं एक टोक अजून माझ्या हाताला लागलेलं नाही.

आम्ही लातूरचे. गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात घर. वडलांची, म्हणजे अप्पांची, डाळमिल होती. ती बसली, आणि शेवटी कोर्टानं अप्पांना नादार ठरवलं. साध्या भाषेत दिवाळं निघालं. घरात दोन गाड्या होत्या, दोन्ही गेल्या. छोटीची किल्ली आईनं स्वतःच काढून दिली. मोठी पांढरी सात सीटवाली न्यायला जे दोघं आले होते, त्यांना ती आमच्या बोळातून मागं काढता येईना. इकडं नाली, तिकडं विजेचा खांब. सगळी गल्ली गॅलरीत उभी. तर अप्पाच चपला घालून खाली गेले, म्हणाले, "सरका, घासली जाईल." एका दमात रिव्हर्स मारून रोडला लावून दिली, काच पुसली, किल्ली त्या माणसाच्या हातात ठेवली आणि घरात येऊन बसले.

तेव्हापासून अप्पांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. नुसता लावला नाही असं नाही, गाडीतच बसेनात. मी मधी एक जुनी छोटी गाडी घेतली, प्रोग्रामला जायला. म्हणलं अप्पा, स्टँडवर सोडतो. ते शेजारून ऑटो करून गेले. मग हळूहळू ऑटोही बंद. बाहेर जाणंच बंद. दिवसभर टीव्ही लावायचा, आवाज बंद करायचा आणि दाराकडं पाठ करून बसायचं. पूर्वी मी त्यांचीच नक्कल करायचो तर कान धरायला धावायचे. आता केली तर मान पण वळवत नव्हते. मिमिक्रीवाल्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

आईचं म्हणणं एकच. "ह्यांच्या हाताला मोठी गाडीच लागती. एकदा स्टेअरिंगला बसले की माणसात येतील. न्हाई बसले तर असंच भिंतीकडं बघत संपतील, पोपट." पोपट म्हणजे मी. बारशाला ठेवलेलं नाव आता रेशन कार्डापुरतंच उरलंय.

तर थोडं आईच्या माहेरकडून, थोडं माझ्या प्रोग्रामच्या सुपाऱ्यांतून जमवून दुसरी गाडी बघायला लागलो. मोबाइलवर एक दिसली, नांदेडला. लातूर फाट्याजवळ जुन्या गाड्यांचं एक यार्ड आहे, तिथले मेहबूबभाई. पांढरी, सात सीटची, अगदी तशीच. अप्पांना काही सांगितलं नाही. सकाळच्या एसटीनं निघालो. अहमदपूर, लोहा करत फाट्यावर उतरलो. उन्हं चांगलीच वर आली होती.

मेहबूबभाई चहा मागवत म्हणाले, "अरे, तुमचे घरचे बुजुर्ग येऊन गेले की सकाळीच. गाडी पसंत है बोलले."

मी मनात हसलो. ही स्कीम आपल्याला पाठ हाय. 'दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं' म्हणायचं, म्हणजे समोरचा घाईनं पैसे टाकतो. म्हणलं, कोण बुजुर्ग? तर म्हणाले, धोतर, डोक्याला रुमाल, गळ्यात तुमच्या लोकांचं ते लिंग. यार्ड उघडायच्या आधीच गेटवर उभे. बाकीच्या गाड्यांकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ ह्याच गाडीत जाऊन ड्रायव्हर सीटवर बसले. खिशातनं भस्म काढून स्टेअरिंगला लावलं. मेहबूबभाईंनी विचारलं, गाडी कुणासाठी घेता बाबा? तर म्हणाले, पोरासाठी. नातू येतोय मागनं, त्याच्याकडं दे. आणि फाट्याकडं चालत निघून गेले.

"और जाते-जाते एक बोलले," मेहबूबभाई म्हणाले, आणि त्यांनी त्या म्हाताऱ्याची नक्कल केली.

आता माणूस गाड्या विकणारा, नक्कल कच्चीच. पण त्यातनं मूळ आवाज कसा असेल ते माझ्या कानाला लगेच कळलं. धंदा हाय आपला. आवाज बारीक, दोन दातांच्या फटीतनं हवा सुटणारा, आणि वाक्य संपलं की नाकातनं एक 'आँ'. समोरच्यानं कबूल केल्याशिवाय सोडणार नाही असला 'आँ'. मला लई आवडला. म्हणलं, हा आयटम पुढच्या प्रोग्रामला घालायचा.

गाडीत बसलो. स्टेअरिंगच्या मधोमध, हॉर्नवर, भस्माची तीन आडवी बोटं. वरच्या दोन रेघा लांब, सरळ. खालची अर्ध्यातच तुटलेली. म्हणलं, म्हाताऱ्याचा हात घसरला असंल. असंल कुणीतरी लोहा-कंधारकडचा, चुकून आमच्या गाडीला आशीर्वाद देऊन गेला. फुकटातला आशीर्वाद कोण पुसतं? तसाच ठेवला. मेहबूबभाई भावात एका रुपयासाठीही अडून बसले नाहीत, ही गोष्ट मात्र मला भस्मापेक्षा जास्त अमानवीय वाटली. गाडी आईच्या नावानं केली आणि दुपार कलताना लातूरला पोचलो.

बोळाच्या तोंडाशी गाडी लावली. आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. अप्पा आत, पाठ दाराकडं. आई उंबऱ्यातून म्हणाली, "अहो, बघा तरी." अप्पांनी चॅनेल बदललं. आईचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मग मला जे एकच येतं ते मी केलं. दारात उभा राहून मोठ्यानं सगळी नांदेडची कथा सांगायला लागलो, आवाजांसकट. मेहबूबभाई केले. त्यांचा चहा पिणं केलं. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग तो म्हातारा केला. दातातली फट, बारीक आवाज —

"काच पुस आधी. रस्ता काय म्हातारा झाला न्हाई. आँ?"

आईचं हसू थांबलं. मला वाटलं विनोद पडला.

आतनं अप्पांचा आवाज आला. "परत म्हण."

मी परत म्हणलो. तसाच, 'आँ' सकट.

अप्पा उठून दारात आले. लई दिवसांनी मी त्यांना समोरून बघितलं. म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"

"मेहबूबभाईंनी. नांदेडच्या."

"माझा बाप असा बोलायचा," अप्पा म्हणाले. "मला जीप शिकवताना. गाडी कुठं धडकवली की हेच."

माझा आजा मी पाळण्यात असताना गेला. भिंतीवर त्याचा एक फोटो आहे, त्यात तो तोंड मिटून बसलाय. त्याच्या आवाजाची कॅसेट नाही, काही नाही. आणि हे वाक्य अप्पांनी आमच्यापुढं कधी म्हणल्याचं मला आठवत नाही, आईलाही नाही.

मग अप्पांनी विचारलं, "भस्म कुठाय?"

अनवाणीच खाली उतरले. ड्रायव्हरचं दार उघडलं आणि वाकून स्टेअरिंगकडं बघत उभे राहिले. मी मागनं गेलो, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आज्याच्या उजव्या हाताची करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं मिलच्या पट्ट्यात गेली होती. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, मलाही. पण नांदेडहून लातूरपर्यंत ती रेघ नाकासमोर धरून मी गाडी चालवली आणि एकदाही आठवलं नाही. अप्पांनी स्वतःची तीन बोटं त्या रेघांवर धरली, न टेकवता. वरची दोन जुळली. तिसरं बोट त्यांनी दुमडून घेतलं.

मग खांद्यावरचा टॉवेल घेतला, पुढची काच आतून पुसली, बाहेरून पुसली. आईला म्हणाले, "बस. देवळापर्यंत जाऊन येऊ." मला म्हणाले, "तू मागं." आणि बोळात शिरून, नाली आणि खांबाच्या मधनं गाडी वळवून दाखवली. काही गरज नव्हती. गॅलरीत होते तेवढ्यांनी बघितलं.

मी पुढं चौकशी केली. मेहबूबभाईंना आज्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "भाई, ऐसे बुजुर्ग तो सब एकसारखेच दिसते." बोटाकडं त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. कॅमेरा यार्डात आहे, पण बंद. तेव्हा म्हणाल तर तो कुणीही असेल. बोट तुटलेली म्हातारी माणसं मराठवाड्यात काय कमी हायत? भस्म लावणारी तर पुष्कळच. ते वाक्यही आणखी कुणी बोलत असेल. मी स्वतःला हेच सांगतो, आणि बरंचसं पटतं.

पटत नाही ते एवढंच. तो आवाज मला त्या दिवशी दोनदा आला, त्यानंतर येत नाही. सगळं माहीत हाय — फट कुठं, हवा कुठं, 'आँ' कुठं. आरशासमोर करतो, स्टेजवर करून बघितला, लोक हसतात पण. नांदेडला मेहबूबभाईंकडं जाऊन परत ऐकून आलो. निघतो तो कुणातरी म्हाताऱ्याचा आवाज. तो नाही.

अप्पा आता रोज गाडी काढतात. कधी मी शेजारी असलो आणि रस्ता मोकळा असला की समोर बघत म्हणतात, "पोपट, म्हण की एकदा."

मी म्हणतो. अप्पा नीट ऐकून घेतात, मान हलवतात. मग काचेवर काही नसताना वायपर एकदा फिरवतात आणि गियर टाकतात.