हमामातला बॉयलरवाला

काहीही गरम समोर आलं की तो आधी त्याला उलटा हात लावायचा. चहाचा ग्लास असो, उन्हात तापलेली रिक्षा असो, नाहीतर तापानं फणफणलेलं कुणाचं पोर असो. उलट्या हातानं हलकेच शिवायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "ह्याला काय गरम म्हंतात?"

उभा जन्म त्यानं तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढला. त्यामुळे जगातली सगळी उष्णता आपल्या हाताखाली नोकरीला आहे असं त्याला वाटायचं. मे महिन्यात आमच्या बोईसरच्या बिल्डिंगीत पंखे गरम वारा फेकायचे, बाया ओल्या फडक्यानं माना पुसत बसायच्या आणि हा गच्चीवर उघडाबंब बसून सगळ्यांना चिडवायचा. तुमच्याही बिल्डिंगीत असा एक असेल. आठवून बघा. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आणि थोडे बिचारेही.

नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्याला बॉयलरवालाच म्हणायचो. तो इथल्याच पाम गावचा, मी सातारा बाजूचा. सारा जन्म भिंतीला भिंत लावून राहिलो तरी त्याच्या लेखी मी घाटीच.

"काय घाट्या, जेवलास?"

"नसतो जेवलो तर तू वाढणार होतास का?"

"वाढलं असतं. पण बोंबील खाताना तुझं तोंड बघवत नाय."

रोज हेच. त्यात बदल झाला तर दोघांपैकी एक आजारी आहे असं समजायचं.

मी रंगाच्या कारखान्यात होतो. कापडाला द्यायचा रंग तिथं बनायचा. निळा चालू असला की मी निळा, तांबडा चालू असला की मी तांबडा. कारखान्यात अंघोळ करूनच निघायचो, पण पाठीला माझा हात पुरायचा नाही. पाठीचं काम बायकोकडे. घरी आलो की मोरीत पाटावर बसवायची आणि नारळाच्या काथ्यानं पाठ खसाखसा घासायची. मी ओरडायचो, ती आणखी जोर लावायची. मोरीतून पाणी निळं वाहायचं. भिंतीपलीकडून बॉयलरवाल्याचा आवाज यायचा, "वहिनी, आज निळा वाटतं? उद्या माझी बनियन टाका त्याच्यात."

नोकरी सुटेपर्यंत हे असंच चाललं. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. पाठ घासायला बायको असतेच, असं धरून चाललो होतो.

तिला टीव्हीवरच्या मालिकांचा नाद. त्यात एक तुर्कस्तानातली होती, माणसं तिथली आणि बोलायची हिंदी. एकदा त्यात हमाम दाखवला. गरम दगडावर एक बाई निवांत निजलीय आणि दुसरी बाई तिला फेसानं चोळतेय. बायको मेथी निवडायची थांबली. म्हणाली, "बघा की. मी जन्मभर तुमची पाठ घासली. एकदा मला असं कुणीतरी घासायला पाहिजे."

मी म्हटलं, "जा मग तुर्कस्तानला."

चेष्टेनं म्हटलं. पण पुण्याला असलेला आमचा मुलगा त्या दिवशी घरी आला होता, त्यानं ते खरं धरलं. आम्हा दोघांची सहल ठरवली आणि त्यात हमाम मुद्दाम घालून घेतला. बायकोनं बिल्डिंगभर सांगितलं. पासपोर्टसाठी फोटो काढला तेव्हा लग्नात काढला नसेल एवढा जपून काढला. श्रावणात ती गेली. फार दिवस अंथरुणात पडलीही नाही. पासपोर्ट कपाटात राहिला.

मी रडलो नाही. घाटावर नाही, दहाव्याला नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. मी काही घट्ट नव्हतो. नळ गंजला की पाणी येत नाही, तसं झालं होतं.

मुलानं विचारलं, "बाबा, सहल रद्द करू?" मी हो म्हणणार तेवढ्यात दारातून बॉयलरवाल्याचा आवाज आला. "रद्द कशाला? मी येतो."

"तू कोण?" मी म्हटलं.

"बदलीवाला."

कारखान्यात कुणी कामावर आला नाही की त्याच्या जागेवर तात्पुरता माणूस उभा करतात. तो बदलीवाला. "वहिनीच्या बदलीवर येतो," तो म्हणाला. "माझा पासपोर्ट तयार हाय." खरंच होता. मस्कतला थोरल्या मुलाकडे तो एकदा जाऊन आला होता आणि तिथल्या वाळवंटालाही उलटा हात लावून आला होता. त्याची बायको मागून म्हणाली, "न्या भावजी, न्या. माझ्या डोक्याला जरा तरी शांतता." विमानाला ती भ्यायची, म्हणून तिचा प्रश्नच नव्हता.

तर अशी आमची जोडी निघाली. मुलानं सगळीकडे नाव बदलून घेतलं, एका ठिकाणी तेवढं राहिलं. हॉटेलवाल्यांना त्यानं आधी कळवून ठेवलं होतं की आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. खोलीचं दार उघडलं तर पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. आम्ही दोघे म्हातारे बॅगा धरून बघतोय. बॉयलरवाल्यानं एक हंस उचलला, उलगडला, त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "घाट्या, मी भिंतीकडं झोपणार. आणि घोरलास तर लाथ बसेल. वहिनी सोसायची, मी नाय सोसणार."

सहलीत काय काय बघितलं ते विचारू नका. मोठमोठे घुमट बघितले, बोटीत बसलो, मांजरं तर फार बघितली. काही चांगलं दिसलं की मी सांगायला बाजूला वळायचो, तर बाजूला हा. कानटोपीत, नाक पुसत.

मग हमामचा दिवस आला. जुनं दगडी घर. आत गेल्या गेल्या तिथल्या माणसांनी कपडे घेतले आणि नेसायला चौकड्यांचा एकेक पंचा दिला. तो नेसून मी आतल्या दाराशी बाकावर बसलो आणि उठेचना.

"काय झालं?"

"मी नाही येत. चोळून घ्यायचं होतं तिला. इथं येऊनही निजायचं मीच? जन्मभर पाटावर मीच बसलो की."

तो पंचा सावरत माझ्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "हे बघ, तिच्या जागेवर मी हाय. बदलीवाला अर्धी पाळी टाकून गेला तर मूळ माणसाचा खाडा लागतो. वहिनीचा खाडा लावतोस? उभ्या जन्मात तिनं एक खाडा केला नाय."

मी पंचाचं टोक पिळत बसलो.

"आणि मी एकटा उघडा त्या दगडावर निजणार नाय," तो म्हणाला. "मला लाज वाटते. चल."

त्याला लाज! मला हसू आलं आणि तेवढ्यात त्यानं मला दंडाला धरून आत ओढलं.

आत मोठा घुमट, त्याला भोकं, भोकांतून उजेडाचे पट्टे खाली आलेले. मधोमध संगमरवरी ओटा, खालून तापवलेला. बॉयलरवाल्यानं आधी ओट्याला उलटा हात लावला. मान हलवली. "ह्याला काय गरम म्हंतात?" मग म्हणाला, बॉयलर बघायचा. हिंदीत बोलून, हातवारे करून, तोंडानं फुसफुस वाफ काढून दाखवून त्यानं हमामवाल्यांच्या डोक्यात ते शिरवलं. वाटेत मला सांगत होता, "लाकडावरच चालत असणार. सुकं लाकूड. मला वासावरनं कळतं." दाखवायला नेलं तर भिंतीला एक पांढरं कपाट लटकावलेलं, आत गॅस. समोर कुणी उभंही नव्हतं. त्याचा चेहरा एवढासा झाला. "माणूसच नाय ह्याच्यावर," म्हणाला. "मग बिघडलं की शिव्या कुणाला घालतात?"

आम्हाला ओट्यावर शेजारी शेजारी पालथं निजवलं. माझ्याकडे आला तो चोळणारा गडी पैलवानासारखा, मिशीवाला. त्यानं हातात खरखरीत हातमोजा चढवला आणि पाठ धरली. काथ्याच्या जवळपास जाणारं काम होतं. जोरही तसाच. मळाच्या करड्या वळकट्या निघायला लागल्या. त्या गड्यानं मोठ्या अभिमानानं मला एक दाखवली.

"निघाली बघ साताऱ्याची माती," शेजारून बॉयलरवाला.

मग गड्यानं पितळी भांड्यानं पाठीवर पाणी ओतलं. माझं तोंड ओट्याच्या कडेकडे होतं. खाली फरशीत पन्हळ होती आणि पाठीवरचं पाणी माझ्या डोळ्यांसमोरून त्यातून जात होतं. आणि मी रंग बघायला लागलो. सवयीनं. पाठ घासली आणि पाणी ओतलं की रंग निघतो, एवढंच माझ्या डोक्यात. आता निळा येईल, नाहीतर तांबडा. नोकरी सोडून जमाना झाला हे मला कळत होतं, तरी वाट बघत होतो. पहिलं पाणी मळाचं गेलं. दुसरं नितळ. तिसरं नितळ. खाली संगमरवर पांढराशुभ्र दिसत होता.

काही राहिलंच नव्हतं. तिनं सगळं काढलं होतं.

मग मात्र मी रडलो. मुसमुसून वगैरे नाही, मोठ्यानं. घुमटात आवाज फिरतो, तो फिरला. चोळणारा थांबला. ओट्यावरचे दुसरे लोक माना उचलून बघायला लागले, त्यात आमच्या सहलीतले पालघरचे एक गृहस्थ होते. गडी वाकून मला विचारतोय, "हॉट? हॉट?"

तेवढ्यात शेजारी बॉयलरवाला ताडकन उठून बसला आणि बोंबलायला लागला. "हॉट! लय हॉट! अरे गरम हाय रे बाबा! भाजलो! मेलो! पानी बहुत गरम है!" एका हातानं पंचा धरून तो त्या ओट्याभोवती नाचायला लागला. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. दोन गडी धावले आणि त्यांनी थंडगार पाण्याची भांडी त्याच्या अंगावर रिकामी केली. बाहेर कडाक्याची थंडी, पाणी तसलंच. तेव्हा जो ओरडला तो खरा ओरडला.

माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मला पाहिजे तेवढा वेळ मी रडून घेतलं.

नंतर बाहेर शाली पांघरून बसलो. सफरचंदाचा चहा आला. त्यानं ग्लासाला उलटा हात लावला. "ह्याला काय गरम म्हंतात?"

"मघाशी बोंबलत होतास."

"कोण? मी नाय." आणि चहा भुरकला.

पालघरच्या गृहस्थांनी आपलं काम चोख केलं. आम्ही पोचायच्या आधी बोईसरला बातमी पोचली होती, बॉयलरवाला गरम पाण्याला भ्याला. मग बिल्डिंगीनं त्याला सोडलं नाही. सगळ्या उन्हाळ्यांचा सूड घेतला. चहा दिला की पोरं म्हणायची, "आजोबा, फुंकून देऊ?" जन्मभर कमावलेली अब्रू एका पंच्यावर गेली. तो नुसता हसायचा. एकदा गच्चीवर सगळे जमले असताना मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की दोन दिवस लंगडलो.

हमामच्या दारात ते हातमोजे विकायला होते. मी एक घेतला होता. घरी आल्यावर त्याला दिला आणि म्हटलं, "हा तुला नाही. बायकोची पाठ घास एकदा."

"येडा झालास काय? ह्या वयात?"

"घास."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली. तोंडाला पदर लावून हसत होती. "भावजी, त्या देशात ह्यांना काय पाजलं हो? सकाळी मला पाटावर बसवलं!" हसता हसता डोळे पुसले आणि मग माझ्या बायकोच्या फोटोकडे बघत उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. तो हातमोजा अजून त्यांच्या मोरीत खिळ्याला आहे. परवा सुनेनं जुना म्हणून टाकायला काढला, तर म्हातारी तिच्या अंगावर धावून गेली.

गेल्या मे महिन्यात तो गेला. दुपारी स्टेशनाकडून चालत आला, जिन्यात बसला, उठला नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा. ते ऐकून मला वाटलं हा आता उठून डॉक्टरांना दोन शब्द सुनावणार. त्याच्यापुढं असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याला पामला नेलं. आधीच ऊन, त्यात चिता पेटली तशी माणसं मागं सरकली. मी जागेवर उभा होतो. मस्कतहून आलेला त्याचा थोरला म्हणाला, "काका, मागं या. लय गरम हाय."

मी हात पुढं केला, उलटा. मान हलवली. म्हटलं, "ह्याला काय गरम म्हंतात?"

पोरगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझे डोळे वाहत होते. मग मी मागं सरलो आणि पंच्यानं तोंड पुसत त्याला म्हटलं, "खरंय बाबा तुझं. गरम हाय. लय गरम हाय."