सोन्याला रानात सोडले, असे काका म्हणाले होते

शेळीच्या धारोष्ण दुधाचा वास आला की नव्वदच्या दशकातले नांदेडकडच्या आमच्या गोरेगावचे अंगण आणि आईच्या छातीशी बिलगलेले वानराचे ते सुरकुतल्या तोंडाचे पिल्लू माझ्या मनात जागे होते. कुत्र्यांनी मारलेल्या वानरीच्या पोटाला ते चिकटून होते, एक कान फाटलेला. आईने त्याला बोळ्याने दूध पाजून जगवले, सोन्या म्हणून हाक दिली. मग तो तिच्या कडेवर बसून शेळ्यांमागे रानात जाई, उन्हे कलली की तिच्या केसांत बोटे घालून काहीबाही शोधत राही. आणि आम्हा भावंडांना वाटे, आईचे खरे शेंडेफळ तेच.

ज्वारी हुरड्यावर आली होती त्या दिवसांत धाकटे काका म्हणाले, “वयनी, आता मोठा झाला. कळपात सोडून येतो.” आई रडली, पण तो आपल्या गणगोतात गेला, या विचाराने तिच्या दुःखाला एक शांत उजेड होता. पुढे कितीतरी दिवस झाडांवरून वानरे गेली की ती मान वर करून त्याला हाक मारी.

पुढच्या उन्हाळ्यात नांदेडच्या लग्नाहून परतताना आमची जीप वारंगा फाट्यावर चहाला थांबली. हॉटेलामागच्या कडुलिंबाखाली एक वानर बांधलेले होते. पट्ट्याने मानेवरचे केस झडलेले, कान फाटलेला.

“भाऊजी, हा सोन्याच हाय ना?”

काका कपातच बघत राहिले. “हॉटेलवाला दोस्त हाय आपला. त्यानं मागितला, मला न्हाई म्हणता आलं न्हाई.”

“मंग मला काहून खोटं सांगितलं?”

“तुमी दिला नसता, वयनी.”

आई उठली आणि तिने पट्टा सोडला. तिचा चेहरा पाहून हॉटेलवालाही अडवायला धजला नाही. सोन्या सरसर लिंबावर चढला. “ये रे लेकरा,” म्हणत ती हात पसरून उभी राहिली. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले, ओळखीच्या डोळ्यांनी पाहिले, आणि मग आणखी वरच्या फांदीवर जाऊन पाठ फिरवली.

त्यानंतर आईने काकांना जेवायला वाढणे सोडले नाही; वाढताना ‘आणखी घ्या’ म्हणणे मात्र सोडले. काकांनी आपल्याला फसवले, हे तिला सोसता आले असावे. पण त्या हॉटेलात आपल्याला कुणी दिले, हे सोन्याला कधी कळणार नव्हते. त्याच्या लेखी माणसाचे हात सारे एकच होते, आणि त्यांत आईचेही होते.