एकशे त्रेसष्ट संबंध

ती वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची. कात्रण कापण्याआधी पान उलटून बघायची, मागे कुणाच्या निधनाची बातमी असली तर तिचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून. पेन्सिल केसांत खोचायची आणि मग खोलीभर शोधत फिरायची. चहा करायची, विसरायची आणि गार झालेलाच प्यायची. कुणी काही ठामपणे सांगितलं की विचारायची, ‘असं म्हणता येईल का?’ दोन दिवस पाणी येणार नाही हे वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं तेव्हाही तिने हेच विचारलं होतं.

सगळे तिला कात्री म्हणत.

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रबंध एका गायिकेवर होता. म्हणजे गायिकेवर नव्हे, तिच्याबद्दलच्या बातम्यांवर. हा फरक लोकांना समजावून सांगता सांगता तिच्या तोंडाला फेस आला.

गायिका एका पुलाच्या उद्घाटनाला गायली होती. मंत्री पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. फोटो छापून आला. त्यानंतर ती कुठेही गायली तरी बातमीत मंत्र्यांचा पक्ष यायचाच. कात्रीचा मामा म्हणायचा, बाई खोकल्या तरी तो सरकारी खोकला ठरतो. मामाला असं बोलायचा हक्क होता. एकोणीस वर्षं तो गायिकेच्याच मागे बसून व्हायोलिन वाजवत होता. आई गेल्यापासून कात्रीचं शिक्षण, कपडे, औषधं, सगळं त्या व्हायोलिनवर चाललं होतं.

तिने दोनशे चौदा बातम्या जमवल्या. प्रत्येक बातमीसाठी एक तक्ता. तोच तक्ता दुसऱ्या कुणीतरी, तिचा न बघता, वेगळा भरायचा. दोघांचं जुळलं तरच नोंद पक्की. या कामाला तिने खोलीतल्या मैत्रिणीला धरलं. मैत्रीण साहित्याची पदवीधर. तिला साध्या बातमीतही दोन अर्थ दिसायचे. दोघींची रोज जुंपायची. शेवटी आकडा ठरला. एकशे त्रेसष्ट बातम्यांनी गायिकेचा पक्षाशी संबंध जोडला होता. त्यांतल्या फक्त चार बातमीदारांनी तिला स्वतःला त्याबद्दल विचारलं होतं.

कात्रीचा सगळा खटाटोप हे ‘फक्त चार’ दाखवण्यासाठी होता.

विभागाच्या प्रदर्शनात प्रत्येकाने आपल्या कामाचं पोस्टर लावायचं होतं. मार्गदर्शक सर म्हणाले, लांबून वाचता येईल असं एकच वाक्य मोठ्या अक्षरांत लिही, बाकीचं खाली बारीक. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गायिका आणि सत्ताधारी पक्ष : एकशे त्रेसष्ट संबंध’. चारांचं वाक्य खाली गेलं.

विभागातलाच एक जुना विद्यार्थी आता बातमीदार झाला होता. तो फोटो काढून गेला. जाताना म्हणाला, छान झालंय. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. गायिकेचे पक्षाशी एकशे त्रेसष्ट संबंध उघड, विद्यार्थिनीचं संशोधन. फोटोतून खालची बारीक ओळ कापलेली होती. दुपारपर्यंत ती बातमी सगळीकडे झाली. विरोधकांनी खुलासा मागितला. पक्षाने आनंद व्यक्त केला. गायिका काहीच बोलली नाही, आणि ती गप्प आहे याचीही बातमी झाली. आठवडा संपेपर्यंत तिचे चार कार्यक्रम रद्द झाले. सभागृहवाल्यांना नसती ब्याद नको होती.

करायला गेले काय आणि झालं काय, एवढंच कात्री पुटपुटत राहिली. मग सगळे तक्ते पिशवीत भरून ती त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. संपादकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. शांतपणे ऐकून घेतलं.

“आकडा तुझाच ना?”

“हो.”

“चुकलाय?”

“नाही. पण तो बातम्यांचा आहे, गायिकेचा—”

“मग दुरुस्ती कशाची छापू, बाळ?”

पत्र पाठव, छापतो, म्हणाले. तिने दीड पानाचं पत्र पाठवलं. त्यातल्या सहा ओळी छापून आल्या. वर मथळा होता, ‘आकड्यावर विद्यार्थिनी ठाम’. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी मामा आला. रिकाम्या हाताने. वसतिगृहाच्या बाकावर बसला आणि नेहमीसारखं हसायला बघू लागला. म्हणाला, लोक विचारतात तुमचं व्हायोलिन कुठल्या पक्षाचं. मी सांगतो, चार तारा आहेत, घ्या वाटून. कात्री हसली नाही. मग तोही थांबला. बाईंनी सगळ्या वादकांना घरी पाठवलंय, कळवते म्हणाल्या आहेत, असं त्याने सांगितलं. ती पोरगी कुणाची, हेही त्यांनी विचारलं होतं.

“मग तू काय सांगितलंस?”

“माझी आहे म्हणालो.”



“मामा, मी तसं लिहिलं नव्हतं रे.”

“माहीत आहे. मी आत्ता तुमच्या विभागात जाऊन वाचून आलो. खाली आहे सगळं नीट लिहिलेलं. पण वाकावं लागतं गं.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर मैत्रिणीला म्हणाली.

प्रबंध सादर होईपर्यंत जी बातमी छापून येईल ती मोजायची, हा नियम तिनेच पहिल्या प्रकरणात लिहिला होता. आता अडतीस नव्या बातम्या होत्या. त्यांतली पहिली, दोनशे पंधरावी, कात्रीच्याच संशोधनाची होती. सर म्हणाले, मोजणीची मुदत महिनाभर आधी संपव, या वगळ, कुणाला कळणारही नाही. तिने मान हलवली. होकार की नकार, ते सरांना समजलं नाही.

मैत्रिणीने अडतीस तक्ते भरून टेबलावर ठेवले. कात्री आपल्या वाट्याचे घेऊन बसली. दुसऱ्या सकाळी मामाचा फोन आला. लहान मुलांच्या शिकवण्या मिळतात का हे बघायला तो दारोदार फिरत होता. ती उठली आणि त्याच्याकडे गेली. जाताना काही आवरलं नाही. सादर करायची तारीख उलटून गेली, तरी ती परत आली नाही.

दोनशे पंधरावा तक्ता टेबलावर आहे. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, मथळा, सगळं तिच्या स्वच्छ अक्षरात. त्याखालचा रकाना आहे, ‘संबंध कोणी जोडला’. तिथे अक्षर सुरू करून सोडल्यासारखी एक उभी रेघ आहे. पुढे काही नाही.